गवताचा कावळा

घरात कोणी मेलं नव्हतं आणि सचिननं डोकं भादरून घेतलं. अल्लीपुरात एवढं पुरे असतं. न्हाव्याचा वस्तरा वाळायच्या आत शेजारणी पंचफुलाच्या दारात हजर, "कोण गेलं वं?" म्हणून. लेकाचा नवस होता, असं तिनं ठोकून दिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती; पण अडलेली माय कोणतीही विद्या लवकर शिकते.

सचिनचे वडील रूपराव तेव्हा बसस्टँडवर लेकाच्या सत्काराचा फ्लेक्स बांधत होते. सीमेकडच्या डोंगरात सचिनच्या तुकडीनं अतिरेकी मारले, असं टीव्हीनं मागं सांगितलं होतं. गावानं ते घट्ट धरून ठेवलं. पुढं त्याच टीव्हीनं हळूच सांगितलं, की मेलेली माणसं लाकडं तोडायला चाललेली होती आणि फौज चौकशी करणार आहे. तेव्हा गावानं चॅनल बदललं.

खरं काय ते सचिननं फक्त आईला सांगितलं, सुटीवर आला त्याच दिवशी.

"माह्या गोळीनं मेला तो माह्याच वयाचा होता, माय. हातात बंदूक नव्हती, डबा होता. उघडून पाह्यला तं भात अन् भाजी. बंदूक मंग साहेबानं त्याच्यापाशी ठेवाले लावली. मीच ठेवली."

"बाकीचे काय सांगून राह्यले?"

"तिकडून पयले गोळी आली म्हणून."

"मंग तूही तेच सांगजो." पंचफुलानं त्याचे हात धरले. "तुह्या खऱ्यानं तो उठून बसनार हाय का? तुले जेलात टाकतीन, बापू. मंग आमी कोणाच्या तोंडाकडे पाहाचं?"

सचिननं हात सोडवून घेतले. त्या दिवसापासून त्यानं सुतक धरलं. देवापुढं गेला नाही, खाटेवर निजला नाही, एकवेळ जेवला. ज्याचं नाव ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, अशा माणसाचं सुतक. चौकशीची तारीख जवळ आली तरी पोरगा हो म्हणेना की नाही म्हणेना. पंचफुलाचा जीव तिळतिळ तुटत होता.

दहाव्या दिवशी डोकं भादरून तो वावरात गेला. तिला राहवलं नाही, तीही मागोमाग गेली. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या लिंबाखाली त्यानं पत्रावळीवर भात आणि भाजी मांडली. गेलेल्या माणसाचं काही मनात राहिलं असलं की कावळा घासाला शिवत नाही. मग जित्या माणसानं त्याला शब्द द्यायचा असतो. सचिननं हात जोडून काहीतरी शब्द दिला. तो पंचफुलाला ऐकू आला नाही.

कावळे लिंबावरच होते. एकही खाली उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी सचिन विहिरीपाशी जाऊन बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडू लागला. लहानपणानंतर तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

मग ती पत्रावळीजवळ आली.

"तू कोणाचा हायेस, मले मालूम नाई," ती म्हणाली. "माह्यावर काय राग काढाचा तो काढ. पण माह्या लेकाले सोड. एवढा घास घे."

कावळे ढिम्म. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून घासाला शिवतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते चारचौघांदेखत करायचं काम. पंचफुलानं ते चोरून केलं. धुऱ्यावरचं गवत उपटलं, चोच वळली, भातात टेकवली, चार शितं इकडंतिकडं उडवली आणि गवत पदराच्या गाठीत बांधून हाक मारली.

"सचिन, शिवला रे."

तो धावत आला. उडालेली शितं पाहिली आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. मेलेल्यानं आपल्या पोराला सोडलं, असं वाटून पंचफुलाचा जीव भांड्यात पडला.

घरी तिनं त्याला पोटभर वाढलं. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "मले लय भेव वाटत होतं, माय. मी त्याले शब्द देल्ला, का चौकशीत साहेबाच्या तोंडावर सारं खरं सांगीन, बंदूक मीच ठेवली म्हणून. तो शिवत नव्हता तवा वाटलं, त्याचा माह्यावर भरोसा नाई. माहाही नव्हता. आज कावळा नसता शिवला, तं मी साहेबाचंच बोललो असतो."

पंचफुलाच्या हातातला चमचा तसाच राहिला. पदराची गाठ सोडून गवत त्याच्यापुढं टाकलं असतं, तर पोरगा वाचला असता. तिनं तोंड उघडलंही. सचिन भातात भाजी कालवत होता, भराभर, उपाशी माणसासारखा. त्या दुसऱ्या घरातही एका बाईनं सकाळी उठून असाच भात रांधून डब्यात भरला होता, आणि तो खायला कोणी उरलं नव्हतं. तिला त्या बाईचा राग आला, आणि मग रागही टिकला नाही.

बाहेरून रूपरावांची हाक आली, फ्लेक्स पाहायला चला म्हणून.

पंचफुलानं गाठ सोडली, गवत चुलीत टाकलं आणि लेकाच्या ताटात आणखी भात वाढला.