कानवाल्याच्या ताटलीवरचं लाकूड

“टक्!”

आवाज एवढासाच. पण खोलीतल्या शंभरेक माणसांनी एकदम श्वास आत ओढला, आणि दारात उभ्या असलेल्या एका बाईने तोंडावर पदर घेतला.

ही आमच्या कारखान्याची पुढची खोली. एरवी इथे लाकडाची पेनं कातायचं काम चालायचं. त्या दिवशी लेथ भिंतीला सरकवून मधोमध टेबल मांडलं होतं. टेबलावर लोखंडी तिवई, तिवईखाली निखाऱ्यांची शेगडी, तिवईवर तांब्याची ताटली आणि ताटलीवर लाकडाची बशीएवढी चकती. चकतीच्या मध्यापासून कडेपर्यंत काळी रेघ उमटली होती. टेबलामागे ताटलीकडे कान लावून जो बसला होता, त्याला सगळे ‘कानवाले महाराज’ म्हणत. त्याला म्हणे लाकूड काय बोलतं ते ऐकू येई.

“ऐकलंत?” महाराज डोळे न उघडता म्हणाले. “मी कोण विचारणारा? मी तर नुसता कान! लाकडाने नाव सांगितलं. कुणाच्या नावावर बोललं ते?”

“सुनेच्या,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. मग पाच-दहा जण म्हणाले. मग सगळेच.

सून कोपऱ्यात उभी होती. तिच्या बाहीला अजून लाकडाचा भुगा चिकटलेला होता.

मी या कारखान्यात बावीस वर्षं निबा बसवतो. तेव्हाही तिथेच होतो, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचे थोरले कातारी, म्हणजे कारखान्याचे मालक, वसंत ऋतू सरता सरता अचानक गेले. लेथवर त्यांचा हात चालायचा तसा फक्त त्यांच्या सुनेचा चालायचा, कारण तिला त्यांनीच शिकवलं होतं. मुलाला भुग्याने शिंका यायच्या, म्हणून तो दुकानं फिरून माल विकायचा. सासरे गेल्यावर तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एक पेन परत आलं. टोपणापासून मधल्या कड्यापर्यंत उभी चीर. मग चार आली. मग खोकंभर. एका शाळामास्तरांनी सांगितलं, “वर्गात शिकवत होतो. खिशात टक् झालं. बघतो तर पेन उललेलं!” कपाटात ठेवलेला मालही उलू लागला. दुपारी सगळे जेवायला बसलो की बंद कपाटातून आवाज यायचा, टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. घास हातातच राहायचा. “त्यांना काहीतरी सांगायचंय,” काकू म्हणायच्या. काकू म्हणजे थोरल्यांची बायको. नवऱ्याचा आवाज ऐकायला आसुसलेल्या बाईला कपाटही पुरतं. आम्ही कुणी हसलो नाही.

महाराजांना आणलं मुलाने. तोही बिचारा घाबरला होता. महाराजांची रीत अशी: झोळीतून फडक्यात गुंडाळलेली चकती काढायची, “लाकूड थंडीने मुकं झालंय, ऊब दिली की थोरल्यांच्या आवाजात बोलेल” असं म्हणून ती तापल्या ताटलीवर ठेवायची, आणि एकेकाचं नाव घेत विचारायचं. “गिऱ्हाइकाचा दोष? लाकडा, बोल! मुलाचा दोष? बोल! सुनेचा दोष? बोल, बाबा, बोल!” ज्याच्या नावावर टक् होईल तो दोषी.

निकाल लागल्यावर महाराजांनी डोळे उघडले आणि अगदी गोड आवाजात शिक्षा सांगितली. “बाईच्या उजव्या हाताला लाकूड नको म्हणतंय. पुढच्या रविवारी तिने याच ताटलीवर तळवा टेकवायचा. लाकूड बोलेपर्यंत उचलायचा नाही. निर्दोष असेल तर फोडही यायचा नाही. भाजलं, तर दोष जळाला म्हणायचं. मग पेनं उलणार नाहीत. आणि ही खोली आमच्या बैठकीला ठेवा, म्हणजे लाकडावर लक्ष राहील.”

चित भी मेरी, पट भी मेरी. हे मला कळत होतं. पण दोनशे डोळ्यांसमोर कळलेलं बोलायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती.

सोमवारी थोरल्यांची धाकटी लेक आली. आम्ही तिला ताई म्हणतो. ती मोठ्या गावातल्या इस्पितळात परिचारिका. भावाने कौतुकाने सगळं सांगितलं. ताटलीचं नाव निघालं तसा तिच्या हातातला कप खाली आला.

“तांब्याची? तिवईवर?” तिने विचारलं. “आणि त्याचा डावा कान चुरगळल्यासारखा आहे?”

“तुला कसं ठाऊक?”

ती वहिनीकडे वळली. “वहिनी, तू काय ठरवलंयस?”

“ठेवते हात,” वहिनी म्हणाली. “रोज सगळे माझ्या बोटांकडे बघतात. आई मला पाण्याचा तांब्यासुद्धा भरू देत नाहीत. एकदाचं संपेल तरी.”

“संपेल कसलं? सुरू होईल!” ताई ताडकन म्हणाली. मग आवाज उतरवून मला म्हणाली, “काका, बाबांचा माळा उघडा.”

माळा हा थोरल्यांचा एकट्याचा प्रांत होता. लाकूड ते स्वतः खाली आणून द्यायचे, वर कुणाला चढू द्यायचे नाहीत. फळ्यांवर आता जवळजवळ काही उरलं नव्हतं. एका कोपऱ्यात एकच ठोकळा सापडला. त्याची दोन्ही टोकं मेणात बुडवलेली होती आणि अंगावर खडूने आकडे लिहिले होते: ६१२, ५४०, ४८८, ४७१, ४७०, ४७०. प्रत्येकापुढे तारीख. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत दोन वर्षांचं अंतर.

“हे मालाचे नंबर ना?” मी म्हणालो. आम्ही सगळे तेच समजत होतो.

ताईने आकड्यांवरून बोट फिरवलं. “काका, मी रोज तान्ह्या बाळांची वजनं लिहिते. आकडा असा उतरत गेला की आम्ही धावतो, कारण अंगातलं पाणी चाललेलं असतं. ही वजनं आहेत. बाबा लाकडातलं पाणी मोजत होते. आकडा उतरायचा थांबला की लाकूड सुकलं. मगच ते खाली यायचं.”

वहिनी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी होती. ती हळूच म्हणाली, “नवं लाकूड कातताना साली लांबच्या लांब निघतात. ओल्या दोऱ्यासारख्या. बाबांच्या लाकडाचा भुगा व्हायचा. मला वाटलं, हे लाकूड जास्त चांगलं आहे.”

नवीन लाकूड कुठलं, तर थोरल्यांचा साठा संपल्यावर मुलाने वखारीतून आणलेलं. वखारवाला म्हणाला सुकं आहे, हाताला सुकं लागलंही. ताईने त्यातला एक ठोकळा स्वयंपाकघराच्या काट्यावर ठेवला. सोमवारी सहाशे ग्रॅम. शनिवारी पाचशे एकसष्ट. आठवडाभर तो फळीवर नुसता पडून होता. कुणी शिवलंही नव्हतं.

रविवारी पहिल्यापेक्षा दुप्पट गर्दी. लोक खिडक्यांच्या गजांना लटकले होते. एका बाईचा हात भाजताना बघायला एवढी माणसं सकाळची कामं टाकून येतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेगडी फुलली होती. वहिनीने बाही कोपरापर्यंत सारली.

“या बाई,” महाराज म्हणाले. “भिऊ नका. लाकूड आईसारखं असतं.”

“थांबा!” ताई पुढे झाली. “आधी लाकडाला मला काही विचारायचंय. आई, महाराजांच्या झोळीतली चकती तूच काढ. बाबा बोलत असतील तर तुझ्याशी बोलतील.”

महाराजांनी झोळी आवळली. “अधिकार नसलेल्याने हात लावला तर...”

“माझ्या नवऱ्याचा आवाज आहे म्हणता आणि मलाच अधिकार नाही?” काकू इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या. त्यांनी झोळीत हात घातला, फडकं बाहेर काढलं आणि थबकल्या. फडकं पिळलं. टेबलावर पाणी टपटपलं.

“ओलं आहे,” त्या म्हणाल्या.

ताईने शेगडी बाजूला ओढली, ताटली ओल्या पोत्यावर टेकवून गार केली, आणि चकती तिच्यावर ठेवली. “विचारा आता हवं त्याचं नाव.”

महाराजांनी विचारलं. सुनेचं नाव घेतलं, मुलाचं घेतलं, माझंही घेतलं. पंधरा मिनिटं गेली. लाकूड गप्प.

“बघितलंत? हिने लाकडाचा अपमान केला!” महाराज ओरडले. गर्दी चुळबुळली. कुणीतरी “बाहेर काढा हिला” असंही म्हणालं.

“ठीक. देऊ या ऊब.” ताईने शेगडी परत खाली सारली आणि मोठ्याने सुरू केलं, “बे एके बे, बे दुणे चार...”

लोक हसले. पण ती सावकाश म्हणतच राहिली. तिनाचा पाढा झाला, चाराचा झाला. हसू विरलं. ताटलीवरून वाफेची बारीक रेघ निघाली. पाचाचा झाला, सहाचा झाला. कुणी हलेना.

“सात त्रिक एकवीस, सात चोक अठ्ठावीस...”

टक्!

“धरा अठ्ठावीसला!” खिडकीतून एक म्हातारा म्हणाला, आणि सगळी खोली फुटली.

ताई मात्र हसली नाही. “ओल्या लाकडाची चकती तापली की पाच-दहा मिनिटांत उलते. तुम्ही तिच्यासमोर पाढे म्हणा नाहीतर शिव्या द्या. गेल्या रविवारी यांनी गिऱ्हाइकाचं नाव एकदा घेतलं, दादाचं दोनदा, वहिनीचं किती वेळा घेतलं? आठवून बघा. ज्याचं नाव सतत घ्याल, टक् त्याच्याच नावावर होणार.”

मग तिने एक उललेलं पेन उचललं आणि आतली पितळेची नळी दाखवली. “लाकूड ओलं असताना या नळीवर चिकटवलं. लाकडातलं पाणी उडतं, ते आकसतं. नळी आकसत नाही. ओलं कातडं खुंटावर ताणून वाळवलं तर काय होईल? फाटेल. कपाटात तेच होत होतं. माझे बाबा कपाटात नव्हते.”

शेवटचं वाक्य ती आईकडे बघून म्हणाली. काकूंनी मान हलवली आणि सुनेची बाही स्वतःच्या हाताने खाली ओढली.

महाराज उठले होते. ताई दारात आडवी उभी राहिली. “आमच्या वॉर्डात गेल्या थंडीत एक कुंभारीण आली होती. दुसऱ्या गावची. तिची मडकी भट्टीत फुटत होती, म्हणून तिला तळवा टेकवायला लावला होता. याच ताटलीवर. तीन महिने मी तिची मलमपट्टी केली. तिची बोटं आता उघडत नाहीत. चाकावर माती धरायला हातच नाही. तिने मला चुरगळलेला कान सांगितला होता, नाव तिला ठाऊक नव्हतं.”

खिडकीतला म्हातारा गजावरून खाली उतरला. कुणीतरी पोलिसांना बोलवायला गेलं. ते येईपर्यंत महाराजांना कुणी हात लावला नाही, ताईने लावू दिला नाही. तक्रार लिहून घेताना साक्षीदार कोण, असं विचारलं तेव्हा मी पुढे झालो. उशिरा झालो, पण झालो.

त्यानंतर पेनं लगेच उलायची थांबली असं नाही. आहे तो माल उललाच. नव्या ठोकळ्यांची टोकं वहिनीने मेणात बुडवली, प्रत्येकावर खडूने वजन लिहिलं आणि ते माळ्यावर रचले. दर पंधरा दिवसांनी ती वर चढते आणि काट्यावर ठेवून नवा आकडा टाकते. भोक पाडल्यावरही आठवडाभर तसंच ठेवते, मगच नळी बसवते. पहिला ठोकळा खाली यायला वर्ष लागलं. तोवर घर कसंबसं चाललं. चमत्काराला पंधरा मिनिटं पुरली होती. खऱ्या उपायाला वेळ लागतो, आणि तो वेळ काढावा लागतो.

वाचकहो, तुमच्याही घरात काहीतरी फुटेल, आजारी पडेल, नासेल. कारण कळणार नाही तेव्हा कुणीतरी येऊन गोड आवाजात एखाद्या माणसाकडे बोट दाखवेल, आणि बहुतेक वेळा ते बोट घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाकडे असेल. तेव्हा माझ्यासारखे गप्प बसू नका. कशामुळे, असं विचारा. मोजून बघा, पुन्हा मोजा, जमलेल्या गर्दीसमोर मोजा. त्या कुंभारणीच्या गावात एकाने जरी विचारलं असतं, तर ती आज चाकावर बसलेली असती.