मापून बघणारे रामभाऊ

"अरं खोकं आडवं करू नका! वर बाण काढलाय तो काय शोभेला हाय?"

विहाराच्या पायरीवरून रामभाऊ चंदनशिवे ओरडले, तशी टेम्पोतून खोकं उतरवणारी चारही माणसं जागच्या जागी थबकली. मग ते खोकं नव्या नवरीसारखं सांभाळत त्यांनी आत नेलं. मागून विहार समितीचे अप्पा, त्यांच्या मागून वस्तीतली थट्टेखोर म्हातारी तानूबाई आणि तिच्यामागे अर्धी वस्ती. इंदापुरातल्या या वस्तीत रंगीत टीव्ही पहिल्यांदाच येत होता, आणि तोही बुद्धपौर्णिमेच्या दिवशी.

महिनाभर रामभाऊंनी या टीव्हीची अशी काही वर्णनं चालवली होती, की टीव्ही येणार आहे की जावई, अशी शंका यावी. कंपनीचं माहितीपत्रक त्यांच्या खिशात घडी पडून फाटायला आलं होतं. पिक्चर ट्यूब नव्या जातीची आहे, काच जवळजवळ सपाट आहे, कोपऱ्यात चित्र वाकत नाही, हे ते चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, कुठंही आणि कुणालाही सांगत.

"पडद्यावरल्या बाईच्या कानातल्या कुडीचं मोती मोजून घ्या," ते म्हणत. "एक कमी भरला तर माझं नाव बदला."

काच, रेघा, कोपरे, सगळ्यांवर रामभाऊ भरभरून बोलत. रंगांबद्दल मात्र महिनाभरात ते एक अक्षर बोलले नव्हते. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तर फक्त त्यांच्या बायकोच्या, सरुबाईच्या.

रामभाऊंना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नसे. जन्मापासूनच. पिकलेली मिरची आणि कच्ची मिरची त्यांना सारखीच. हे त्यांना स्वतःला कळलं ते विसाव्या वर्षी, सोलापूरला रेल्वेच्या भरतीत. लेखी झालं, धावणं झालं, आणि शेवटी डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांची चित्रं पुढं धरून आतला आकडा वाचायला सांगितला. रामभाऊंना नुसते ठिपके दिसले. डॉक्टरनं कागदावर काट मारली. घरी येऊन त्यांनी सांगितलं, छाती दोन बोटं कमी भरली. आई आठ दिवस त्यांना शेंगदाणे आणि गूळ चारत होती.

मग ते बारामतीला एका दुकानात रेडिओचं काम शिकले. रेडिओच्या पोटात बारके बारके रेझिस्टर असतात आणि प्रत्येकावर रंगीत पट्टे असतात. पट्ट्यांचे रंग वाचून त्याचं माप कळतं. बाकीचे कारागीर नुसतं बघून सांगत. रामभाऊ प्रत्येक रेझिस्टर मीटर लावून मोजत. वेळ दुप्पट लागे, पण चूक एकही होत नसे. तिथूनच त्यांचं नाव झालं. "रामभाऊ मापल्याबिगर हात लावत न्हाय," असं लोक कौतुकानं सांगत. डाळजपासून लासुर्ण्यापर्यंतचे बिघडलेले रेडिओ आणि टीव्ही वीस वर्षं त्यांच्याकडे आले ते या नावावर. अडचण झाकायला धरलेली सवय पुढं त्यांची अब्रू होऊन बसली.

सरुबाईला ते कळलं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. पहिलटकरीण होती. डोहाळजेवणाला हिरवं लुगडं आणा, असं सासूनं सांगितलं होतं. रामभाऊ दुकानदाराला न विचारता, ऐटीत, स्वतः निवडून लुगडं घेऊन आले आणि चार बायकांसमोर घडी उलगडली. "हे घे, हिरवंगार."

लुगडं तांबडंभडक होतं.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. सासूनं तोंड उघडायच्या आत सरुबाई म्हणाली, "मीच तांबडं सांगितलं हुतं त्यास्नी. हिरवं मला शोभत न्हाय." आणि तेच नेसून ती पाटावर बसली.

त्या दिवसापासून त्या दोघांत यावर कधी शब्द झाला नाही. भाजी निवडताना ती पिकलेले टोमॅटो त्यांच्या बाजूला सरकवून ठेवी. त्यांचे सदरे ती पांढरे आणि निळेच घेई. विहारात तर पौर्णिमेला सगळेच पांढऱ्यात येत, म्हणून तिथं रामभाऊंना फार मोकळं वाटे.

पण आता काळे-पांढरे सेट संपत चालले होते. त्यांच्या इंदापुरातल्या दुकानाच्या फळीवर दुरुस्तीचे तीन सेट उरले होते आणि त्यातले दोन कुणी परत न्यायला येत नव्हतं. बारामतीच्या विक्रेत्यानं सांगितलं होतं, विहारातला सेट कंपनीच्या इंजिनियरसमोर रामभाऊंनी लावायचा. नीट लावला तर तालुक्यातल्या सगळ्या रंगीत सेटची दुरुस्ती त्यांच्याकडे. नाही तर बारामतीचा माणूस येऊन करेल. म्हणजे आज जमलं तर दुकान राहणार होतं, नाही तर शटर ओढायचं.

रामभाऊंना जमणार याची खात्री होती. यंत्र त्यांना कळत होतं. रंगाचं बटण कंपनीतूनच बसवून येतं, त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं.

इंजिनियर निहार पुण्याहून आला होता. पंचविशीचा, हातात फॉर्मची वही आणि खांद्याला हत्यारांची पिशवी. त्यानं बाजूला खुर्ची घेतली. "काका, तुम्ही करा. मी बघतो."

रामभाऊंनी सेट टेबलावर ठेवला, अँटेनाची वायर सोलली, वायरिंगला अर्थिंग आहे का ते मीटर लावून तपासलं. निहारनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. तेवढ्यात अप्पांनी वंदनेसाठी माईक लावला आणि लाऊडस्पीकरचं मोठं खोकं टीव्हीला अगदी खेटून ठेवलं. दोन्ही यंत्रं शेजारी शोभतात, असं त्यांचं म्हणणं. रामभाऊ तेव्हा गच्चीवर अँटेना फिरवत होते.

मग वंदना झाली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लागल्या आणि सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. रामभाऊ ते लहानपणापासून म्हणत आले होते, आजही मोठ्यानं म्हणाले.

"लावा आता," अप्पा म्हणाले.

रामभाऊंनी बटण दाबलं. पडदा उजळला आणि निवेदन करणारी बाई दिसली. काय चित्र होतं! केसाला केस वेगळा, लुगड्याच्या काठाची वीण मोजता यावी अशी. रामभाऊंचा ऊर भरून आला. डाव्या कोपऱ्यात जरा सावली वाटत होती, ती खिडकीची असावी.

"बघा," ते वळून म्हणाले. "हाय का कुठं वाकडं? असलं स्वच्छ चित्र जिल्ह्यात सापडायचं न्हाय."

मग तानूबाई म्हणाली, "रामभाऊ, त्या बाईच्या गालाला काय झालंय वं? अर्धं त्वांड हिरवं, अर्धं लालभडक. नवऱ्यानं मारलंय का काय?"

विहार हसून हसून लोळला. रामभाऊंना वाटलं म्हातारी नेहमीची थट्टा करतेय. पण अप्पाही डोळे बारीक करून पडद्याकडं बघत होते. निहार खुर्चीतून उठून जवळ आला. तो हसत नव्हता.

"काका, हिरवा डाग कुठून कुठपर्यंत आहे? तुम्ही सांगा."

रामभाऊंनी पडद्याकडं पाहिलं. त्यांना बाई दिसत होती, गाल दिसत होता, कानातली कुडी दिसत होती. डाग दिसत नव्हता. त्यांनी नकळत बायकांच्या रांगेकडं बघितलं.

सरुबाई पांढरं लुगडं नेसून पुढंच बसली होती. तिनं पदर सारखा करावा तसा डावा हात उचलला, डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत बोटं फिरवली आणि हात खाली घेतला.

रामभाऊंना कळलं. वीस वर्षं ते याच खुणांवर चालत आले होते. आता नुसतं म्हणायचं होतं, कानापासून हनुवटीपर्यंत, आणि तालुका त्यांचा होता.

त्यांनी तोंड उघडलं. पण आत्ताच, पंधरा मिनिटांपूर्वी, याच जागी हात जोडून काय म्हटलं होतं ते आठवलं. मेणबत्त्या अजून विझल्या नव्हत्या.

"मला दिसत न्हाय," रामभाऊ म्हणाले.

"काय दिसत नाही?"

"डाग. मला लाल आणि हिरवं येगळं दिसत न्हाय, सायेब. जलमापासनं. रेल्वेत त्याच्यापायीच घेतलं न्हाय मला. छाती कमी भरली म्हणून सांगत आलो, ते खोटं हुतं."

अप्पा दोन पावलं पुढं आले. "मग रामभाऊ, एवढी वर्सं कामं कशी केली?"

"मापून," रामभाऊ म्हणाले. हे म्हणताना मात्र त्यांची मान वर होती. "पण मला दिसला न्हाय म्हणून डाग कशानं पडलाय ते कळत न्हाय असं न्हाय. हा स्पीकर हितं कुणी ठिवला?"

अप्पांनी चोरासारखा हात वर केला.

"ह्याच्या पोटात लोहचुंबक हाय, ह्ये एवढं मोठं. रंगीत ट्यूबला चुंबक चालत न्हाय, रंग जागा सोडत्यात. आदी त्यो भितीकडं न्या. सेट बंद करा. अर्धा तास थंड हुऊ द्या. गार झाल्यावर लावला की सेट आतलं चुंबकपण आपणच काढतो, नुसतं बंद-चालू करून भागायचं न्हाय."

निहारनं वही मिटली. "बरोबर आहे, काका," एवढंच तो म्हणाला.

अर्धा तास खीर खाण्यात गेला. सेट पुन्हा लावला, तर बराचसा डाग गेला होता. पण सगळा नाही. तानूबाईनं लगेच जाहीर केलं, "हनुवटी अजून हिरवी हाय."

निहारनं पिशवीतून एक जाड कडं काढलं. तांब्याच्या तारेचे वेढे असलेलं, विजेवर चालणारं. ते पडद्यासमोर गोल फिरवत मागं नेलं की ट्यूबमधलं चुंबकपण निघून जातं. त्यानं ते स्वतः चालवायला घेतलं, आणि मग कोण जाणे काय वाटलं, रामभाऊंच्या हातात दिलं.

रामभाऊंनी कडं धरलं. मग वळून, सगळ्यांसमोर, वीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं विचारलं, "सरू, म्होरं ये. मला सांग कुठं हाय त्ये."

सरुबाई उठली. पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचून ती पडद्यासमोर उभी राहिली.

"खाली," ती म्हणाली. "आजून खाली. डावीकडं. हां, तितं."

"आता?"

"जरा हाय. बोराएवढं. ... गेलं."

"सगळं?"

"सगळं गेलं. बाई गोरी झाली."

रामभाऊ कडं गोल फिरवत एकेक पाऊल मागं आले, भिंतीला टेकेपर्यंत, आणि मगच त्याचं बटण सोडलं. असं हळूहळू लांब न्यावं लागतं, घाई केली तर नवा डाग पडतो. निहार त्यांच्या हाताकडं बघत राहिला होता.

मग त्यानं फॉर्म काढला. "काका, मला खरं लिहावं लागेल. रंगाची तपासणी असा एक रकाना आहे इथं."

"लिवा की. आता झाकून काय करू?"

"खाली मदतनिसाचं नावही लिहिता येतं. रंग बघून सांगणारा कुणी असेल तर कंपनीची हरकत नसते."

रामभाऊ बायकोकडं बघून म्हणाले, "लिवा. सरुबाई रामभाऊ चंदनशिवे."

"अवं, माझं कशाला?" सरुबाई पुटपुटली. "मला काय येतंय त्यातलं?"

"तुलाच येतंय. इतकी वर्सं करतीच की."

निहारनं दोन्ही नावं लिहिली आणि खाली सही केली. दुकान राहिलं. अप्पांनी त्याला आणखी एक वाटी खीर दिली, स्पीकरची भरपाई म्हणून.

दिवेलागणीला टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लागला. वस्ती पुन्हा सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. रामभाऊही बसले, लोकांत, सरुबाईशेजारी. इतकी वर्षं ते टीव्हीच्या मागच्या बाजूलाच बसत आले होते. पडद्यावर एक शेत होतं आणि शेताच्या कडेला एक बाई उभी राहून काही सांगत होती.

"कसं दिसतंय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"चांगलं दिसतंय. मागं ऊस हाय, हिरवागार. बाईनं तांबडं लुगडं नेसलंय."

"तांबडं? त्या लुगड्यासारखं?"

सरुबाईला कुठलं ते विचारावं लागलं नाही.

"तसलंच," ती म्हणाली. "आजून हाय माझ्या पेटीत."

रामभाऊ बघत राहिले. ऊस आणि लुगडं, दोन्हींचा रंग त्यांना एकच दिसत होता. पण चित्र फार स्वच्छ होतं, आणि वाऱ्यानं हलणाऱ्या पदराचा काठ त्यांना उसापासून अगदी वेगळा दिसत होता.