राबणारी एकच वायर

रुग्णालयाच्या दोन इमारतींमध्ये चार वायरी होत्या, आणि त्या चौघींनी मिळून एक व्हायचं असं कागदोपत्री ठरलं होतं. नव्या इमारतीत स्कॅन काढायचे आणि त्यांची चित्रं या वायरींतून जुन्या इमारतीतल्या डॉक्टरांच्या पडद्यावर पोचायची. वेग चौपट होणार, असं प्रशासक साहेबांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. वायरींनी ते भाषण ऐकलं नसावं.

कारण नवं स्कॅन मशीन आलं आणि एकेक चित्र उघडायला अकरा मिनिटं लागू लागली. बाहेर बाकावरच्या पेशंटांना वाटायचं, डॉक्टर आपल्या पोटात काहीतरी भयंकर शोधताहेत. डॉक्टर बिचारे पडद्यावर गोल फिरणारं चाक बघत बसलेले असायचे.

हे सगळं जाळं सांभाळणाऱ्या बाईला रुग्णालयात वायरवाली म्हणत. स्कॅनच्या खोलीतली तंत्रज्ञ तिची सख्खी नणंद, राहायलाही एकाच घरात. बाकीच्या विभागांना तक्रार करायला फॉर्म भरावा लागे. नणंदेला नुसतं जेवायला बसलं की पुरे. आज एका आजोबांनी विचारलं, चित्र चालत जातं की काय, असं ती भाजी वाढून घेता घेता सांगायची. नवरा ताटात बघून जेवायचा.

वायरवालीनं आकडे काढले. पहिल्या वायरीवर सत्त्याण्णव टक्के भार, दुसरीवर दोन, तिसरी-चौथीवर शून्य. एक हमालासारखी राबत होती आणि तिघी माहेरपणाला आल्यासारख्या लोळत होत्या. हे तिनं साहेबांना दाखवलं. साहेबांनी तत्परतेनं समिती नेमली, समितीनं सल्लागार आणला आणि सल्लागारानं रंगीत तक्त्यांवरून निष्कर्ष काढला, की वायरी कमी पडताहेत. तीन रिकाम्या असताना कमी कशा, असं वायरवालीनं विचारलं. सल्लागारानं तिला भविष्यातल्या गरजांबद्दल प्रेमानं समजावलं.

आठ दिवस छत उघडं पडलं, सगळ्यांच्या डोक्यात चुना पडला आणि वायरी आठ झाल्या. पहिलीवर सत्त्याण्णव टक्के. लोळणाऱ्या आता सात.

साहेबांना पहिल्या वायरीचाच संशय आला. ती काढून टाका म्हणाले. वायरवालीनं काढली. क्षणभर सगळं थांबलं आणि सगळा भार जसाच्या तसा पाचवीच्या डोक्यावर जाऊन बसला.

"म्हणजे हीसुद्धा बिघडली," साहेब म्हणाले.

इथे मात्र वायरवालीची ट्यूब पेटली. भार वायर बदलतो, पण विभागला जात नाही. मग दोष वायरींचा नव्हे, त्यांना काम वाटून देणाऱ्याचा. वायरींच्या दोन्ही टोकांना एकेक स्विच होता. चित्रं माहितीच्या पुडक्यांत बांधून येत; प्रत्येक पुडक्यावरचा पत्ता बघून स्विच त्याला वायर नेमून द्यायचा. तिनं हाताशी असलेल्या स्विचची सेटिंग उघडली. स्विच फक्त पुडक्याच्या बाहेरचा पत्ता वाचत होता. आणि दोन्ही इमारतींतला सगळा माल मधल्या राउटरांच्या, म्हणजे माल पुढे धाडणाऱ्या यंत्रांच्या, हातून जात असल्यामुळे बाहेरचा पत्ता सगळ्यांचा एकच: या राउटरकडून त्या राउटरकडे. पत्ता एक, म्हणून वायरही एक. कोणाचा स्कॅन, कोणासाठी, हे आत लिहिलेलं होतं. तिथे स्विच डोकावतच नव्हता.

ही अक्कल त्याला कोणी दिली, ते बघायला ती पडद्यावर खाली सरकली. सेटिंगपाशी सहा वर्षांपूर्वीची तारीख होती आणि तिचं स्वतःचं नाव. तेव्हा ती सेटिंग बरोबर होती. दोन वर्षांपूर्वी मध्ये राउटर बसले, तेही तिनंच बसवले, आणि सेटिंग बदलायची राहून गेली. तीन आठवडे ती घरी नवऱ्यापुढे सल्लागाराची नक्कल करून दाखवत होती.

तिनं सेटिंग बदलली. आतले पत्ते वाच, असं स्विचला बजावलं आणि ऐटीत नणंदेला फोन केला, आता बघ म्हणून. नणंदेनं बघितलं आणि सांगितलं, अकरा मिनिटंच.

मग तिच्या लक्षात आलं. प्रत्येक स्विच फक्त स्वतः पाठवलेल्या मालाची वाटणी करतो. चित्रं निघत होती नव्या इमारतीतून आणि तिनं शहाणं केलं होतं जुनीतल्या स्विचला. मुकाट्यानं ती अंगण ओलांडून गेली, काढलेली वायरही परत जोडली आणि स्कॅनच्या खोलीमागच्या कपाटात डोकं घालून दुसऱ्या स्विचलाही तेच सांगितलं. आकडे हलले. एकतीस, चौदा, नऊ, बावीस. आठही वायरी कामाला लागल्या. डॉक्टरांचा निरोप आला, चित्र बारा सेकंदांत उघडलं.

"कशानं बिघडलं होतं गं, वहिनी?" नणंदेनं विचारलं.

काहीतरी तांत्रिक सांगून वेळ मारून नेता आली असती. वायरवाली कपाटातून बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या चुकीनं."

तीन आठवडे लोकांची बोलणी नणंदेनं खाल्ली होती. मग तिनं पेशंटांची यादी वहिनीच्या हातात दिली. "बाहेर नऊजण बसलेत. एकेकाला तूच आत आण. उशीर का झाला तेही तूच सांग."

वायरवालीनं नऊही जणांना सांगितलं. दोघांनी झापलं, एक बाई म्हणाल्या, जाऊ दे पोरी, आणि बाकीच्यांना फक्त आत जायचं होतं.

समितीला तिनं हे लेखी दिलं. पण आठ वायरींच्या भव्य यशाचा अहवाल आधीच छापून झाला होता, त्यामुळे तिच्या कागदानं गोंधळ होईल असं साहेबांना वाटलं. त्यांना वेगळीच काळजी होती: एकीवर एकतीस आणि एकीवर नऊ, हा अन्याय कशासाठी? एक चित्र तोडून दोन वायरींवर टाकत नाहीत, म्हणून थोडं कमीजास्त राहणारच, असं तिनं सांगून पाहिलं. साहेबांनी समान वाटपासाठी नवी समिती नेमली आणि तिला सचिव केलं.

इतिवृत्त सचिवानं लिहायचं असतं. पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात तिनं पहिलीच ओळ लिहिली, की बिघाड वायरींचा नव्हता, सेटिंगचा होता, आणि ती सेटिंग माझी होती. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.