फाटकी म्हणा, पण आधी गोल मारा!

मी एक जुनी जाळी आहे. मासे पकडणारी नव्हे, गोलपोस्टची! मित्रांनो, मला फाटकी म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण आधी माझी हकिगत ऐका.

इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळच्या एका लहानशा गावातल्या हायस्कूलच्या मैदानावर माझं आयुष्य गेलं. आमच्या गावात ना मोठा क्लब, ना स्टेडियम. अभिमान एकच, दर ऑक्टोबरात नदीपलीकडच्या शाळेशी होणारा मुलींचा फुटबॉल सामना. जिंकणाऱ्या गावाच्या चिप शॉपमध्ये वर्षभर विजेत्यांची ढाल मिरवते. ढाल आमच्याकडे असली की चिप्सनाही वेगळी चव येते म्हणे.

एका वर्षी सामना नेमका दसऱ्याला आला. आमची कर्णधार मालविका. तिची आई ऋजुता मूळची पुण्याची. दसऱ्याला आपल्या कामाच्या वस्तूंची पूजा करायची, ही तिच्या घरची रीत. लॅपटॉपला कुंकू लावून ती थेट मैदानावर आली. मला हळदकुंकू वाहिलं आणि लंडनच्या हॅरोहून आणलेली झेंडूची माळ माझ्यात ओवून घट्ट बांधली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी नमस्कार केला. खरं सांगते, मला भरून आलं.

तेवढ्यात रेफ्रींनी माळ काढायला सांगितली. ऋजुताने ती घाईघाईने ओढली आणि खालच्या कोपऱ्यात माझे दोरे तटातट तुटले. कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. सामना संपत आला, बरोबरी होती, आणि मालविकाने त्याच कोपऱ्यात चेंडू मारला. चेंडू आत आला आणि माझ्या भोकातून बाहेर पडला! रेफ्रींना वाटलं, तो पोस्टच्या बाहेरूनच गेला.

"आई, बॉल आत गेला होता! आय स्वेअर!" मालविका रडत ओरडली.

पाठोपाठ समोरच्यांनी गोल केला आणि ढाल नदीपलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी मी कचऱ्याच्या भल्यामोठ्या लोखंडी पेटीत, स्किपमध्ये! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

पण मालविकाने मला स्किपमधून ओढून काढलं, तुटलेल्या दोऱ्यांत अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या पाहिल्या आणि मला घरी नेऊन आईच्या पुढ्यात टाकलं.

"तू फाडलीस ना? मग तूच फिक्स कर."

"अगं, मला क्रोशे येतं. हे कुठे येतं?"

"सेमच आहे, आई. फक्त मोठं."

ऋजुता खाली बसली. कपडे वाळत घालायच्या निळ्या दोरीने तिने गाठ गाठ घालून माझा कोपरा विणला. शाळेने नवी जाळी आणली होती, पण मुली अडून बसल्या, "आम्हाला हीच हवी." त्यांच्या खेळाच्या मिसने मला दोन्ही हातांनी हिसडे देऊन पाहिलं. माझी एकही गाठ सुटली नाही.

पुढच्या वर्षीच्या सामन्याला ऋजुताने पुन्हा माझी पूजा केली. माळ मात्र सामानाच्या शेडच्या दाराला बांधली! माझं निळं ठिगळ पाहून समोरच्या मुली फिदीफिदी हसल्या. मालविकाने बरोबर त्याच कोपऱ्यात चेंडू हाणला. मी तो असा धरला की रेफ्रींना वाकूनही पाहावं लागलं नाही. गोल! सामना आमचा, ढाल आमची.

मित्रांनो, वस्तू फाटली तर आधी आपला हात तपासा, मग सुई-दोरा शोधा. स्किप कुठे पळून जात नाही. आणि नदीपलीकडच्या पोरींनो, माझ्या ठिगळाला जरूर हसा. पण त्याआधी माझ्यापर्यंत चेंडू तर आणून दाखवा!