डुलकीची तपासणी

गालिच्यांना कसर लागली की कारखान्यात धूरवाला यायचा. पाठीवर टाकी, हातात नळकांडं. हॉलभर औषधाचा धूर सोडायचा, दारं लावायचा आणि निघून जायचा. कुलूप निघायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. साहेबांच्या मते त्यात अख्खा दिवस वाया जात होता.

"दोन तासांत धूर जातो की! समोर दिसतंय," साहेब म्हणायचे.

वरच्या ऑफिसचा साहेबांच्या डोळ्यांवर फारसा भरवसा नसावा. त्यांनी तपासणीवाल्या बाई पाठवल्या.

बाई वयाने लहान, पण नजर करवतीसारखी. त्यांनी सहा जणी निवडल्या. पहिली आत्या. हॉलमधली सगळ्यांत जुनी, गालिच्यांच्या कडा शिवणारी. एकदा झोपलेल्या दोघींच्या बाह्या तिने एकमेकींना शिवून टाकल्या होत्या, तेही दुहेरी टाक्याने. तेव्हापासून तिच्या शेजारी झोपायचं तर बायका आधी तिची सुई ताब्यात घ्यायच्या.

आत्याची सूनही याच हॉलमध्ये गाठी मारायला होती. सहावा महिना. ती रांगेत उभी राहिली तर बाईंनी तिला हाताने बाजूला केलं.

"तुम्ही नको."

"का हो?" आत्याने विचारलं.

"अंगावर किती औषध उतरतं ते अजून माहीत नाही. पोटुशी बाईला कशाला आत घालायचं?"

"आजच्या दिवस हो," साहेब मधेच बोलले. "दोन तासांचं एकदा ठरलं की सगळ्याच येतील."

सगळ्याच, म्हणजे सूनही. आत्याने हिशोब मनात केला आणि गप्प बसली. आत्या गप्प बसली की काहीतरी शिजत असतं, हे हॉलमधल्या कुणालाही विचारा.

सहा जणींना पांढरे सुती झबले-लेंगे मिळाले, पायात पांढरे मोजे, तोंडावर मास्क. औषध जे काही उतरेल ते या कापडात मुरणार, आणि मग कापड प्रयोगशाळेत जाणार.

"बारशाला निघाल्यासारख्या दिसतोय," कात्रीवाली म्हणाली. ती गालिच्याची लव कापायची, आणि तिची जीभ कात्रीहून बरी चालायची.

"बाळं जरा मोठी झालीत, एवढंच," आत्या म्हणाली.

धूर सोडून दोन तास झाले. खिडक्या उघडल्या. बाई काचेच्या दाराबाहेर वही घेऊन उभ्या राहिल्या. "एक तास आत राहायचं. रोज जसं करता, अगदी तसंच करा."

इथेच घोळ झाला. पाहुणे आले की घरात जे होतं तेच झालं. बायका एकदम शहाण्या झाल्या. एरवी फतकल मारून बसणाऱ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. कुणी गाणं म्हणेना, कुणी कुणाला टोमणा मारेना. कात्रीवाली तर दोन बोटांनी लव कापत होती, जशी काही केकच कापतेय.

काचेपलीकडे बाईंची पेन्सिल चालली होती: उभं राहून, हाताने, टेबलावर. शेजारी साहेब खुशीत डोलत होते.

आत्याची नजर हॉलच्या कोपऱ्यात गेली. तिथे तयार गालिच्यांची थप्पी होती, गुडघ्याएवढी. जेवणानंतरचा अर्धा तास सगळ्या जणी तिच्यावर आडव्या व्हायच्या. एक दाराशी पहाऱ्याला. साहेबांची चाहूल लागली की ती खोकायची. झोपताना सापडलं तर कामावरून काढतील अशी ताकीद होती, म्हणून अकरा वर्षं या डुलकीबद्दल कुणी तोंडातून शब्द काढला नव्हता. नाक लवेत खुपसून झोपायचं. आणि धूर हवेतून जातो तो जातो कुठे? खाली बसतो. लवेतच की.

आत्या टेबल सोडून कोपऱ्याकडे निघाली.

"आत्या, आज चावटपणा नको," कात्रीवाली दातांतून म्हणाली. "साहेब बघतायत."

"म्हणूनच तर."

आत्या थप्पीवर डाव्या कुशीवर आडवी झाली, पाय पोटाशी घेतले, आणि मास्कसकट घोरायला लागली.

साहेबांनी काच वाजवली. "हे काय चाललंय?"

"रोजचं चाललंय, साहेब," आत्या डोळे न उघडता ओरडली. "बाईंनीच सांगितलं ना, रोजच्यासारखं करा म्हणून!"

बाई दार किलकिलं करून म्हणाल्या, "रोज झोपता? किती वेळ?"

"अर्धा तास."

"किती जणी?"

आत्याने एक डोळा उघडला. कात्रीवाली मान हलवून नाही नाही म्हणत होती. काचेपलीकडे सून ओठ चावत उभी होती.

"बावीस. एक सोडून. ती खोकायला असते."

साहेबांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं. बाईंनी पान उलटलं, नवा रकाना आखला आणि म्हणाल्या, "मग सगळ्या झोपा."

अशा रीतीने सहा जणी कामाच्या वेळेत, साहेबांच्या डोळ्यांदेखत, घड्याळ लावून अर्धा तास आडव्या झाल्या. पाच जणी मनातल्या मनात आत्याला शिव्या घालत होत्या. सहावी खरीच झोपली.

नंतर बाईंनी झबल्यांचे तुकडे कापून बरण्यांत भरले. दहा दिवसांनी अहवाल आला. हातावर जेवढं औषध उतरलं होतं, त्याच्या नऊपट कुशीला नि पाठीला. दाराला दोन ओळींची नोटीस लागली. धुरानंतर हॉल दुसऱ्या सकाळी आठपर्यंत बंद, आणि उघडल्यावर कामाआधी गालिचे मशिनने झाडून घ्यायचे. तयार मालावर आडवं होण्यास सक्त मनाई.

बायकांना फक्त दुसरी ओळ दिसली.

"अकरा वर्षं!" कात्रीवाली म्हणाली. "अकरा वर्षं सांभाळलेली झोप एका मिनिटात घालवलीस. तू माणूस आहेस की कोंबडा?"

चार दिवस आत्याशी कुणी धड बोललं नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या मागच्या पायऱ्यांवर भिंतीला टेकून बसायच्या, माना लटकवून. सूनही त्यात होती, सुजलेले पाय लांब करून.

"अहो आई," ती एकदा म्हणाली, "भिंत फार टोचते हो."

"टोचणारच. सरक इकडे."

आत्याने मांडी घातली. सुनेने जरा घुटमळून तिच्यावर डोकं ठेवलं आणि डावी कूस धरली. कात्रीवालीने ते पाहिलं, आत्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली, आणि न विचारता खांद्यावर मान टाकली.

"सुई कुठंय?" तिने डोळे मिटून विचारलं.

"घरी," आत्या म्हणाली.