छताला फुटलेलं रक्त

पाववाल्या काकांच्या बैठकीत पंचवीस माणसं माना वर करून उभी होती. छप्परबाबाने पिचकारी दाबली, पांढऱ्याशुभ्र छतावर फवारा बसला आणि बघता बघता छत लालगुलाबी झालं. कुणी हात जोडले. काकूंनी तर तोंडाला पदर लावला, जणू छत नव्हे, त्यांचीच पाठ सोलून निघाली होती.

"गारांनी वरून मारलंय, घर आतून रडतंय," छप्परबाबा म्हणाला. "कंपनीच्या साहेबाला वरवरचं दिसतं. मला घराची जखम दिसते."

गारपीट होऊन दहा दिवस झाले होते. गल्लीतल्या घरांची कौलं फुटली होती, खालच्या छतांवर ओलीचे पिवळे डाग पडले होते. सगळ्यांच्या घरांचा विमा होता. पण भरपाईचा अर्ज भरायचा म्हटलं की शिकलेल्यांचीही बोबडी वळते. तेवढ्यात हा बाबा उगवला. अंगात कोट, गळ्यात माळ, आणि तोंडात एका दमात 'कलम अमुक' आणि 'वास्तूचा आत्मा'. त्याची रीत ठरलेली. आधी सगळं छत ताज्या चुन्याने पांढरं करा, म्हणजे घर शुद्ध होतं. तीन दिवसांनी मंतरलेलं पाणी. मग त्याने लिहिलेला अर्ज, त्यावर तुमची सही, आणि भरपाईतला निम्मा वाटा त्याचा. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तशा उत्साहाने गल्लीने आपल्याच हातांनी पुराव्याचे डाग पुसून टाकले. धन्य आहे त्या गल्लीची!

काचताईनेही टेबलावर स्टूल चढवून चुना मारला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत ती काचेची भांडी धुते, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. घरात ती आणि सासूबाई, दोघीच. घर सासूबाईंचं, विमा त्यांच्या नावावर, आणि बाबाच्या अर्जावर सहीही त्यांचीच. ते सगळं झालं तेव्हा काचताई शाळेत होती. त्यांच्या खोलीचं छत पोट सुटल्यासारखं फुगलं होतं. म्हणून पलंग स्वयंपाकघरात आणला होता, आणि पोळ्या लाटायला काचताईला पलंगाच्या कडेवर बसावं लागे. कौलं बदलली नाहीत तर पुढच्या मोठ्या पावसात ते छत खाली येणार होतं, आणि विम्याशिवाय कौलं बदलणं दोघींच्या आवाक्याबाहेरचं होतं.

काकांच्या बैठकीत तिने तो रंग पहिल्यांदा पाहिला आणि लगेच ओळखला. परीक्षेच्या दिवसांत तेरा वर्षं हाच रंग ती चंचुपात्रांतून धूत आली होती. बाबाने पाण्यात अत्तर ओतलं होतं, पण खालून स्पिरिटचा वास येतच होता.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तू तिथे काचा धुतेस. शिकवत नाहीस."

ते तिला फार लागलं. तिने गुपचूप अर्जाची प्रत काढून वाचली. 'संपूर्ण घराच्या छतास अदृश्य इजा.' खाली बारीक अक्षरांत होतं की एकही विधान खोटं आढळलं तर सगळा दावा रद्द. म्हणजे गळत होती एकच खोली, आणि ती खरी गळती आता सबंध घराच्या खोट्याला बांधलेली. गप्प बसावं तर उद्या पाहणीला येणारा कंपनीचा साहेब हे सोंग ओळखणार. बोलावं तर सासूबाई खोट्या ठरणार, आणि साक्ष देणारा डाग तर तिने स्वतःच चुन्याखाली पुरलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचे पाहणी अधिकारी आले. मागोमाग छप्परबाबा आणि त्याच्यामागे अख्खी गल्ली. पिचकारी उडाली, छताला रक्त फुटलं. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि सासूबाईंना विचारलं की अर्जात लिहिलंय ते कायम ठेवायचं ना. सासूबाईंची मान हलणार, एवढ्यात काचताईने धुण्याचा सोडा कालवलेल्या पाण्याची बशी पुढे ठेवली.

"आई, सही तुमची आहे. तेव्हा तुम्हीच बघा. या बशीवर काही गारा पडलेल्या नाहीत."

तिने बाटली मागितली तेव्हा बाबा गोड हसला. दुसऱ्याच्या हातात ते नुसतं साधं पाणी, म्हणाला.

"साधं पाणी आहे तर द्यायला तुमचं काय जातंय?" सासूबाईंनी विचारलं आणि हात पुढे केला.

गल्लीदेखत नाही कसं म्हणणार? सासूबाईंनी बशीवर पिचकारी दाबली. बशी लालगुलाबी झाली. काचताईने वरून लिंबू पिळलं, रंग गायब. बाबा म्हणाला, अश्रद्धेच्या घरात पाणी उलटतं. पण आता त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मग काचताईने सगळं उलगडून सांगितलं. बाटलीत फिनॉल्फ्थॅलिन नावाचं औषध आहे. ताजा चुना, सोडा असल्या वस्तूंना ते लागलं की गुलाबी होतं. जखमेशी त्याचा काही संबंध नाही. चुना मारायला लावला तो घर शुद्ध करायला नाही, रंग यावा म्हणून. थोड्या वेळाने तो हवेने विरतो, तेव्हा हा म्हणतो घराला आराम पडला.

अधिकारी म्हणाले, "अर्ज अजून नोंदवलेला नाही. मागे घ्यायचा तर आत्ता, आणि का घेता ते लिहून. नव्या अर्जाचं काय होईल, ते मी सांगू शकत नाही."

आणखी अकरा जणांच्या सह्या अधिकाऱ्यांच्या पिशवीत होत्या आणि त्यातला एकही जण हलेना. आपण मूर्ख बनलो, हे चारचौघांत लिहून द्यायचं म्हणजे जिवावर येतं हो. सासूबाईंनी रंग उडालेली बशी बाजूला सारली.

"घे गं लिहून," त्या सुनेला म्हणाल्या. "मी फसले, असं लिही. पण आता कळल्यावर गप्प बसले तर मीही त्याच्यातलीच. ते माझ्या नावावर नको."

त्यांनी सही केली. काचताईला रडू आवरलं नाही. अधिकाऱ्यांनी शिडी मागवली, वर चढले, आणि वरूनच आकडा सांगितला. नऊ कौलं फुटलेली, लाकूड भिजून काळं पडलेलं. चुना फक्त खालून मारलेला होता. दहा दिवसांत गल्लीतलं एकही माणूस वर चढलं नव्हतं. सगळे खालून माना मोडून रक्त बघत बसले होते. शिडी खाली आली तेव्हा छप्परबाबा पसार झाला होता आणि पाववाले काका अधिकाऱ्यांकडे आपला अर्ज परत मागत होते.

कंपनी काय ठरवेल ते ठरवेल. पण बाबांनो, छत गळलं तर शिडी लावा, आपल्या डोळ्यांनी बघा, आणि दिसलं तेवढंच लिहा. चमत्कार दाखवणाऱ्याकडे त्याची बाटली मागा. तुमच्याच घरातलं कुणी 'हे खोटं आहे' म्हणालं, तर ते माणूस किती शिकलंय ते नंतर विचारा. आधी ते सांगतंय ते करून बघा.