जपानच्या गरम पाण्यात काकासाहेबांचं नाव

भुजंगराव जपानला सात दिवस जाऊन आले त्याला आता चार वर्षं झाली, पण ते पूर्ण परत आलेत असं अंबडात कुणी छातीठोक सांगणार नाही. शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, यांची निघाली, गेले. आल्यापासून ते रस्त्यात थुंकत नाहीत. पिशवीत कागद ठेवतात, त्यात थुंकतात आणि घरी आणतात. शिवाय तालुक्यातून पहिल्यांदा जपानला निघालेल्या माणसाला ते मोफत मार्गदर्शन करतात. चार वर्षांत तालुक्यातून कुणी निघालंच नव्हतं, त्यामुळे काकासाहेब आणि पुष्पाबाई ही त्यांची पहिली तुकडी.

काकासाहेबांची अंबडजवळ मोसंबीची बाग. एकुलता मुलगा निखिल जपानात यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. त्यानं तिकडचीच मुलगी पसंत केली, मिनोरी नावाची. घरात चार दिवस अबोला, आठ दिवस चर्चा आणि मग पासपोर्टचे फोटो, असं सगळं रीतसर झालं. आता लग्न सतरा दिवसांवर आलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही घरची मंडळी डोंगरात एका गरम पाण्याच्या कुंडावर मुक्कामाला जाणार होती. मिनोरीची आई सातोकोबाई यांची इच्छा अशी, की आपण आणि मुलाची आई, दोघींनी एका कुंडात उतरायचं. तिकडं एकत्र आंघोळ केली की माणूस आपलं झालं.

"आपल्यात व्याह्याला न्हाऊ घालतेत," पुष्पाबाई म्हणाल्या होत्या, "तेंच्यात जोडीनं न्हातेत. फरक काये?" आणि मनातून त्या कुंडात उतरूनही मोकळ्या झाल्या होत्या. विहीण बरी निघावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. सून दूर राहणार, भाषा कळणार नाही, तेव्हा निदान पाणी तरी एक असावं.

मार्गदर्शन खताच्या दुकानाच्या माडीवर झालं. समोर युरियाच्या रिकाम्या गोण्यांवर काकासाहेब, पुष्पाबाई आणि ज्याला जिना उतरायला वाट मिळाली नाही असा दुकानदार.

"पहिला मुद्दा," भुजंगराव म्हणाले, "दारात जोडे काढायचे."

"इथं बी काढतोच की," पुष्पाबाई म्हणाल्या.

"भेट दोन्ही हातांनी द्यायची. समोरचा दोनदा न्हाई म्हणतो. तिसऱ्यांदा घेतो."

"आमची जाऊ पाचव्यांदा घेते."

"भातात काड्या उभ्या रोवायच्या न्हाईत. ते मेलेल्यासाठी."

"बराबर. पिंडावानीच झालं ते." पुष्पाबाई काकासाहेबांकडे वळल्या. "आवो, हे तर माह्या माहेरासारखंच हाये."

भुजंगरावांचा चेहरा पडला. चार वर्षं जपून ठेवलेलं जपान या बाईनं वीस मिनिटांत आपल्या माहेरच्या, राजूरच्या शिवारात आणून बसवलं होतं. त्यांनी घाईनं गरम कुंडाचा मुद्दा काढला. आधी बाहेर बसून साबणानं अंग घासायचं. मग आत. आत कपडा चालत नाही.

"लुगडं?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"काहीच न्हाई, वहिनी. बाया बायांत, गडी गड्यांत."

पुष्पाबाईंनी पदर सारखा केला. पण विहिणीसाठी तेही कबूल केलं.

"आन् शेवटचा मुद्दा. अंगावर गोंदलेलं असंल, तर बिलकुल आत घेत न्हाईत. बऱ्याच ठिकाणी तशी पाटीच असती. तिकडं गोंदण गुंडांच्या अंगावर राहतं."

दुकानदारानंसुद्धा मोबाइल खाली ठेवला. पुष्पाबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला, पण तो सगळ्यांनी आधीच पाहिलेला होता. मनगटापासून कोपरापर्यंत तुळशीवृंदावन, त्याच्या बाजूला दोन मोर आणि खाली, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत राजूरच्या गणपतीसमोर बसून गोंदवलेलं, पाच अक्षरी, ठसठशीत: काकासाहेब.

ज्या नवऱ्याचं नाव पुष्पाबाईंनी सदतीस वर्षांत एकदाही तोंडानं घेतलं नव्हतं, ते त्यांनी हातावर घेतलं होतं. मतदार यादीत काकासाहेबांचं नाव तीन वेळा चुकलं. हातावर कधी चुकलं नाही.

"गुंड?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"तुमी न्हाई, वहिनी. तेंचे गुंड."

"मंग मला कामून आत घेत न्हाईत?"

या प्रश्नाचं उत्तर अभ्यास दौऱ्यात दिलेल्या पुस्तिकेत नव्हतं. भुजंगरावांनी उपाय सांगितला. कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या लावायच्या. त्यांनी मोबाइलवर फोटोही दाखवला. पट्टी कातडीच्या रंगाची होती खरी, पण ती कातडी जपानची होती. अंबडच्या उन्हात सदतीस वर्षं मोसंबी तोडलेल्या हातावर ती पांदीतल्या दगडावरच्या चुन्याच्या खुणेसारखी दिसली असती.

तरी काकासाहेबांनी प्रयत्न सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ते औषधाच्या दुकानातून पट्ट्यांचं एक अख्खं पाकीट घेऊन आले. चहा झाल्यावर ओट्यावर बसून त्यांनी बायकोचा हात मांडीवर घेतला आणि वरून सुरुवात केली. तुळशीला दोन लागल्या, मोराला एकेक. मग नावाशी आले. 'का'वर पट्टी बसली. दुसरी पट्टी सोलून लावणार, एवढ्यात पुष्पाबाई बोलल्या.

"आवो, तुमी जित्ते हायेत ना?"

"हाये की."

"मंग माह्या हातावरून तुमचं नाव कोण झाकून राह्यलं?"

काकासाहेबांनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं. "मीच," ते म्हणाले.

"असं हाये व्हय," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांनी सगळ्या पट्ट्या एका ओढीत काढल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या. पट्टी बोटाला चिकटलेली घेऊन काकासाहेब बराच वेळ ओट्यावर बसून होते. बोटावरची काढली की ती अंगठ्याला चिकटे, अंगठ्यावरची काढली की बोटाला.

मग निखिलला फोन झाला. निखिलनं दहा मिनिटांत तोड काढली, कारण तो इंजिनियर होता.

"बाबा, सोप्पं आहे. तिथं एका माणसापुरतं वेगळं छोटं कुंड मिळतं. दार बंद, कुणी येत नाही. आईसाठी ते बुक करतो. एकटीला, निवांत."

फोन मोठ्या आवाजावर होता. पुष्पाबाई पीठ मळता मळता थांबल्या. "म्हंजे सगळ्यांचं एक पाणी आन् माझं येगळं."

"आई, तसं नाही. सोय म्हणून."

"सोयच म्हणतेत तिला," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी येत न्हाई. अक्षदा तुमीच टाका."

काकासाहेबांनी दोन दिवस समजूत घातली. पोटच्या पोराचं लग्न, लोक काय म्हणतील, तिकीट माघारी होत नाही, अशी सगळी कारणं त्यांनी ओळीनं मांडली आणि पुष्पाबाईंनी ती ओळीनं ऐकली. तिसऱ्या दिवशी ते बागेत भिवाकडे गेले. भिवा त्यांच्याच वयाचा, तीस वर्षं बाग बटईनं, अर्ध्या वाट्यावर करणारा. मन मोकळं करायला माणूस लागतो आणि झाडाला नळी लावताना भिवा कुठं पळून जाऊ शकत नव्हता.

भिवानं सगळं ऐकलं. नळी फिरवली.

"म्हंजे दादा, अंगावरची खूण बघून पाण्यात घेत न्हाईत?"

"न्हाई ना."

"आन् मंग येगळं पाणी देतेत?"

"देतेत. चांगलं अस्तंय म्हणे."

"चांगलंच अस्तंय," भिवा म्हणाला. "आमची आजी सांगायची. थंडगार."

काकासाहेबांच्या आजोबांनी बांधलेली विहीर तिथून चाळीस पावलांवर होती. तिच्या पायऱ्यांवर भिवाच्या आजीचं पाऊल कधी पडलं नाही. ती लांब उभी राहायची आणि वरून कुणी ओतलं तर घागर पुढं करायची. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे, अगदी भिवाही.

"वहिनींला राग आला आसंल," त्यानं एवढंच विचारलं.

"लई."

"येतोच." भिवानं नळी दुसऱ्या झाडाला लावली. "तुमी सांगा तेंला. दोन-तीन पिढ्या गेल्या की सवय होती म्हणावं."

काकासाहेबांना हसावं की नाही कळेना. भिवा हसत नव्हता. मग तेही हसले नाहीत. पाणी वाफ्यात भरत होतं. सल्ला मागायला आलेल्या माणसानं सल्ला घेऊन निघायला पाहिजे, म्हणून ते निघाले.

शेवटी निखिलनं रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलच्या एका चौकोनात निखिल आणि मिनोरी, दुसऱ्यात सातोकोबाई, बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, वहीत काहीतरी लिहीत बसलेल्या. इकडे काकासाहेब इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांनी माफीची तीन वाक्यं पाठ केली होती. पहिल्याच वाक्याला ते भुजंगरावांनी सांगितल्याप्रमाणे वाकले आणि मोबाइलसमोरून गायब झाले. ते वर येईपर्यंत पुष्पाबाईंनी बाही सारून हात कॅमेऱ्यासमोर धरला होता.

"हे माह्या मालकाचं नाव हाये," त्या म्हणाल्या. "निघत न्हाई. झाकायचं न्हाई. तुमच्या पाण्यात चालत न्हाई म्हणतेत, तर मी काठावर बसते. पण एकटी येगळ्या पाण्यात उतरत न्हाई. निक्या, हे असंच्या असं सांग. गोड करू नको."

निखिलनं मिनोरीला सांगितलं, मिनोरीनं आईला. मराठीत पाच वाक्यं होती, जपानीत बराच वेळ लागला. सातोकोबाई मोबाइलच्या अगदी जवळ आल्या. पडद्यावर नुसता त्यांचा डोळा आणि भुवई दिसू लागली. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"पूर्ण नाव आहे का, म्हणतात," निखिल म्हणाला.

"पुरं."

"दुखलं का?"

"दुखतंच की. विचार तेंला, लग्नात काय दुखत न्हाई?"

हेही जपानीत गेलं. सातोकोबाई पहिल्यांदाच हसल्या, तोंडावर हात ठेवून. मग गंभीर होऊन हळूहळू बोलल्या.

"त्या म्हणतात," निखिलनं सांगितलं, "ते कुंडाचं हॉटेल त्यांच्या थोरल्या भावाचं आहे. नियम त्याचा. थोरल्या भावाला त्या आजपर्यंत काही बोललेल्या नाहीत, या वयात आता कसं बोलणार?"

काकासाहेबांनी मान हलवली. गेल्या आठवडाभरात जपानबद्दल ऐकलेल्या गोष्टींपैकी ही एकच त्यांना मुळापासून कळली.

"पण त्या पण उतरणार नाहीत. तुझ्यासोबत बाहेर बसतील. चहा घेऊ, म्हणतात."

पुष्पाबाईंनी हात खाली घेतला, बाही नीट केली. "मंग येते," त्या म्हणाल्या. "चिवडा घेऊन येते म्हणावं."

काकासाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "चला. मंग मी बी बाहीरच बसतो."

"नाही बाबा!" निखिल घाबरून म्हणाला. "तुम्हाला आत जावंच लागेल. तिचे बाबा, तो मामा, सगळे तुमची वाट बघतायत. दोन्हीकडच्या बायका बाहेर आणि तुम्हीही नाही उतरलात, तर मामा अपमान समजेल. तुमच्या अंगावर तर काही नाहीये ना?"

"न्हाई, पण..."

"मग झालं."

अशा रीतीनं ज्याच्या नावाला बंदी होती त्याला मात्र आत घेणार होते. अनोळखी माणसांच्यात, कपड्यांविना, दोन तास. ज्यांना उतरायचं होतं त्या बाहेर, ज्याला नको होतं तो आत, आणि याचा दोष द्यायला समोर कुणीच नव्हतं. कॉल संपला तरी काकासाहेब मोबाइलकडे बघत बसले.

"अगं, मी काय करू त्या पाण्यात?" त्यांनी विचारलं.

पुष्पाबाई चिवड्यासाठी पोहे काढायला उठल्या होत्या. दारात थांबून त्यांनी नवऱ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उतरा की जल्दी," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगावर कुठं कुणाचं नाव हाये?"

आणि त्या आत गेल्या. काकासाहेबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. आधी उजवी, मग डावी. दोन्ही हात नीट पालथे-उलथे करून पाहिले. दोन्ही कोरे. आतून पोहे चाळल्याचा आवाज येत होता. त्यांनी बाह्या खाली केल्या आणि मनगटाची बटणं लावून टाकली.